आबांच्या गाडीचे मागचे दिवे

माझ्या वडिलांच्या गाडीला मागे एकच दिवा होता आणि तोही असून नसल्यासारखा. नंबरप्लेटच्या उजव्या अंगाला बंद्या रुपयाएवढी लाल काच, तिच्या आत एक पिवळट बल्ब आणि त्या बल्बला वीज पोचवणारी कापडी वेष्टणाची वायर. ते कापड उंदरांनी कधीच खाल्लं होतं. एका खड्ड्यात दिवा जायचा, पुढच्या खड्ड्यात परत यायचा. आबा म्हणायचे, "मागं उजेड कशाला पायजे? मी म्होरं बघून चालवतो." लोक हसायचे. मला कधी हसू आलं नाही.

गाडी लढाईच्या आधीची, विलायती, काळीभोर. चढताना पाय ठेवायला दोन्ही बाजूंना फळ्या होत्या. आबा पूर्वी लोणावळ्याला एका बंगल्यावर ड्रायव्हर होते. मालक देश सोडून निघाले तेव्हा त्यांनी बंगला विकला, कुत्री ओळखीपाळखीत वाटली आणि गाडी आबांना देऊन टाकली. ती घेऊन आबा आमच्या घरी, कामशेतला आले आणि स्टेशनबाहेर उभे राहू लागले. बेडशाची, तिकोणा पेठेची, पार पवनेकाठची माणसं त्यांच्या गाडीतून जायची-यायची. बाळंतिणी, आजारी म्हातारे, आंबेमोहोराची पोती, नवऱ्या मुली. त्या भागातल्या कितीतरी मुली त्या गाडीतून रडत सासरी गेल्या. मीही त्याच गाडीतून गेले, फक्त रडत नाही, भांडत गेले. वऱ्हाडातल्या कुणीतरी माझ्या नव्या शालूवर पानाचा चुना सांडला होता. आबा म्हणायचे, ही पोरगी आईवरही गेली नाही आणि माझ्यावरही गेली नाही, ही गाडीच्या भोंग्यावर गेली.

आई मी लहान असतानाच वारली. तेव्हापासून आबांना गाडी होती आणि मला आबा होते.

माझं सासर लोणावळ्याला. आमच्या घरच्यांचं बाजारात गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं, आम्ही मागच्या दोन खोल्यांत राहायचो. मी ह्यांचं नाव आयुष्यात कधी घेतलं नाही, इथेही घेणार नाही. माणूस शांत. मी दहा वाक्यं बोलले की हे एक बोलायचे आणि ते एक नेमकं माझ्या दहांची हवा काढायचं.

आबा महिन्यातून कधीतरी उतारू घेऊन लोणावळ्याला यायचे. दुकानासमोर गाडी उभी करायचे, पण आत यायचे नाहीत. आमच्याकडे पद्धत अशी की, लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. माझ्या लग्नाला काही वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हललेला नव्हता. आबा गाडीतच बसून राहायचे, स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचे. मी आपली दारात उभी. त्यांना पद्धत पाळायची होती, मला दुखवायचं नव्हतं, हे मला कळत होतं. तरी दर वेळी ती बाटली उघडली की मी दुसरीकडे बघायचे. पुढं मुलगी झाली तेव्हा बारशाला येऊन त्यांनी दारातच उभ्याउभ्या दोन तांबे पाणी घटाघटा पिऊन टाकलं, पण ही गोष्ट त्याच्या आधीची आहे.

पवनेवर धरणाचं काम चालू होतं तेव्हाची. बेडशाकडच्या अरुंद रस्त्यावर खडीचे नि सिमेंटचे ट्रक दिवसभर धावायचे. एका पावसाळी संध्याकाळी अशाच एका ट्रकनं आबांच्या गाडीला मागून ठोकलं. गाडी बांधावरून घसरून भाताच्या खाचरात गेली. आत दोन बायका होत्या. कुणाला खरचटलंही नाही, पण मागचा पत्रा दबला आणि तो एकुलता एक दिवा फुटला.

ट्रकवाला म्हणत होता, "मी केव्हापासून हॉर्न वाजवतोय, म्हातारा बाजूलाच होत नाही." आबा म्हणाले, "खोटं बोलतोय. ह्याला माजा दिवा दिसला न्हाई, आन आता हार्नचं सांगतोय." गावानं आबांवर विश्वास ठेवला. मीसुद्धा. त्या दिव्याची लायकी सगळ्यांना ठाऊक होती. धरणावरच्या मुकादमानंही आपल्या माणसाची चूक मानली आणि भरपाई म्हणून ट्रकचे दोन जुने मागचे दिवे आबांना आणून दिले. चांगले वाटीएवढे मोठे होते. आबांनी ते फडताळात ठेवून दिले आणि गाडीच्या मागे रेल्वेच्या गेटवरून मागून आणलेला लाल काचेचा कंदील बांधला. कामशेतमध्ये लोक गमतीनं विचारू लागले, आबा, तुमच्या गाडीला इंजिन कधी जोडणार?

ही गंमत माझ्या कानावर आली तेव्हा मी भाकरी थापत होते. ती भाकरी करपली. पुढच्या खेपेला आबा दुकानासमोर थांबले तेव्हा मी खिडकीशी जाऊन जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. हे माझ्या मागून आले आणि म्हणाले, "मामा, गाडी ठेवून जा. जुनी वायर सगळी काढू, नवी घालू. ते ट्रकचे दोन्ही दिवे बसवू. ब्रेक दाबला की भगभगीत लागतील."

आबा म्हणाले, "न्हाई, पाव्हणं. लेकीच्या घरचं पानी पीत न्हाई मी, आन दिवं लावून घेऊ व्हय?"

"मग मजुरी द्या," मी म्हणाले.

"जावयाच्या हातावर मजुरी ठिवू? लोक तोंडात श्यान घालतील माज्या."

म्हणजे फुकट घ्यायचं नाही आणि मजुरी द्यायची नाही. दुसऱ्या कुणाकडे न्यायची तर 'जावई वायरिंगवाला असताना' ही लाज. आबांनी गाडी सुरू केली. मी मागून हाका मारत राहिले. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला वाटलं, रागावले.

त्या आठवड्यात मला अन्न गोड लागलं नाही. डोळ्यांसमोर सारखं तेच, आबांची गाडी पुढे, कंदील विझलेला आणि मागून ट्रक. गाडी सोडा म्हणावं तर हा माणूस घरात बसून खंगणार. चालवू द्यावी तर एक दिवस मला त्या रस्त्यावरून निरोप येणार. जेवता जेवता हे म्हणाले, "तू माहेरी गेलीस की काय काय करतेस?"

"सारवते, गोधड्या धुते, कौलं शाकारायला मदत करते. का?"

"त्याचं मामांना चालतं?"

"माहेरातलं काम ते. घरचंच की."

"मग वायरिंगही घरचंच," हे म्हणाले आणि ताकाची वाटी तोंडाला लावली.

अशी मी शिकले. ह्यांनी एका फळीवर दोन दिवे, एक बॅटरी आणि ब्रेकचा स्विच बसवला. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी त्या फळीसमोर. बल्ब एकच, पण त्यात तारा दोन. बारीक तार रात्रभर लागून राहायची, जाड तार ब्रेकबरोबर भडकायची. वीज वायरनं येते आणि गाडीच्या पत्र्यातून परत जाते, म्हणून दिवा जिथे पत्र्याला टेकतो तिथला रंग खरवडून पत्रा उघडा करायचा, त्याला अर्थिंग म्हणायचं. ह्यांची शिकवण्याची तऱ्हा म्हणजे शिक्षाच. मी जोडून ठेवलं की हे गुपचूप कुठेतरी एक स्क्रू सैल करून ठेवायचे आणि म्हणायचे, "लागत नाहीये. शोध." मी चिडायचे, पक्कड आदळायचे, शेवटी शोधायचे. "बारीक लागतो आणि जाड लागत नाही, किंवा मनाला येईल तेव्हा लागतो, तर आधी अर्थिंग बघायचं," हे वाक्य माझं इतकं पाठ झालं की मी ते देवापुढे उदबत्ती लावतानाही पुटपुटायचे.

गाडीचं मापही ह्यांनी चोरून घेतलं. आबा पानवाल्याशी बोलत उभे असताना हे सुतळी घेऊन गाडीखाली शिरले. मोजायला कुठल्या पद्धतीत मनाई आहे, असं मला वर म्हणाले. त्या मापानं सगळ्या वायरी दुकानातच तोडून, टोकांना कथलाचा डाग देऊन तयार केल्या. ट्रकचे बल्ब आबांच्या बॅटरीवर चालणारे नव्हते, म्हणून वेगळे दिले. ते सगळं माझ्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत गेलं आणि श्रावणात पंचमीच्या आदल्या दिवशी मी माहेरपणाला कामशेतला उतरले.

आबा फलाटावर आले होते. ट्रंक उचलली आणि पुढे चालू लागले. मी मागून काय काय विचारत होते, जेवलात का, गुडघा कसा आहे, घर गळतंय का. उत्तर नाही. अजून राग आहे तर असू दे, म्हणून मीही गप्प झाले. घरी ट्रंक उघडल्यावर त्यांना वायरींचं वेटोळं दिसलं.

"ह्ये काय?"

"माजं हाय. माज्या डोरल्याला हात लावता का तुमी? मग ह्यालाबी लावू नका. मीच लावते."

आबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाव्हण्यानं धाडलं न्हाई न्हवं?"

"माहेराला मी आलीया. पाव्हणा लोनावळ्यात हाय."

फडताळातून त्यांनी दोन्ही दिवे काढून माझ्यापुढे ठेवले, फडक्यानं पुसून.

जुनी वायर काढण्यातच तो दिवस गेला. हात लावला की कापडाचा भुगा व्हायचा. खरं काम पंचमीला करायचं होतं, कारण सणादिवशी उतारू नसायचे आणि गाडी घरी असायची. पण पंचमीला आमच्याकडे काही कापत नाहीत, चिरत नाहीत, खणत नाहीत. नागोबाला लागेल म्हणतात. वायरी तोडून आणलेल्या होत्या त्या ह्याचसाठी. बंपरच्या पट्टीला भोकं आधीचीच होती. कापायला बंदी, जोडायला कुणाची बंदी नव्हती. शेजारणी वारुळाला जाऊन आल्या, झिम्मा खेळू लागल्या आणि मी पदर खोचून गाडीखाली. एक मावशी वाकून म्हणाली, "अगं, पंचमीला लेकी झोक्यावर बसत्यात, तू कुटं शिरलीस?" मी म्हणाले, "हितं गार लागतंय."

अडलं ते अर्थिंगपाशी. दिव्याखालचा रंग खरवडायला मी कानस काढली.

"आज न्हाई," आबा म्हणाले. "खरवडणं म्हंजे खणणंच की."

"पत्र्यात नागोबा बसलाय व्हय?"

"तुजी आय असती तर असं बोलली नसती."

आईचं नाव काढलं की माझी वाचा बसते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी कानस ठेवली आणि रंगावरच दिवे आवळले. बारीक दिवे लागले. मला इतका आनंद झाला की मी तिथेच टाळी वाजवली. मग ब्रेकचे तपासायचे म्हणून आबांना आत बसवलं आणि मी मागे दिव्यांसमोर उकिडवी बसले.

"आबा, दाबा!"

काही नाही.

"दाबा की!"

काही नाही. मी वाकून वायर हलवली तर दोन्ही दिवे भक्कन लागले. "ऱ्हाऊ द्या तसंच!" म्हणाले तर विझले. "सोडा" म्हणाले तर लागले. मी स्क्रू आवळायला हात नेला की लागायचे, हात काढून "दाबा" म्हटलं की गप्प. पुढे जाऊन बघितलं तर आबा सरळ मानेनं, दोन्ही हात चाकावर ठेवून बसलेले.

"लागला?" त्यांनी विचारलं.

"मनाला यील तवा लागतोय," मी वैतागून म्हणाले. "अर्थिंग न्हाई. तरी सांगत व्हते, खरवडू द्या."

आबा उतरून आत गेले आणि माझ्यासाठी वाटीत उकडीचं पुरणाचं दिंड घेऊन आले. शेजारून आलेलं. "खा," म्हणाले. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी मी पत्रा असा खरवडला की आरशासारखा लखलखला. प्रत्येक जोड सोडून पुन्हा आवळला. आभाळ भरून आलं होतं, भर दुपारी दिवेलागणीसारखा अंधार. आबांना बसवलं. मागे गेले. "दाबा!" पुन्हा तेच. नको तेव्हा लागतात, हवं तेव्हा नाहीत. मला रडू यायला लागलं. ह्यांची फळी, ती सगळी दुपारची शिकवणी, सगळं पाण्यात. राहता राहिला ब्रेकचा स्विच. तो आबांच्या पायाखालून जाणाऱ्या दांड्याला स्प्रिंगनं बांधलेला. पाय दाबला की दांडा सरकणार, स्प्रिंग ताणली जाणार, दिवे लागणार. मी बाजूनं गाडीखाली सरकले आणि त्या स्प्रिंगेवर डोळा ठेवून उताणी पडले.

मी अजून काहीच म्हटलं नव्हतं, आणि दांडा सरकला.

थांबला. सुटला. जरा वेळानं पुन्हा सरकला. स्प्रिंग ताणली, मागे पाण्याच्या डबक्यात लाल उजेड पडला. स्प्रिंग सैल झाली, उजेड गेला. वायरिंगमध्ये काही म्हणता काही चूक नव्हती. मी दांड्याकडे बघत ओरडले, "आबा, दाबा!" दांडा हलला नाही. मग जीव खाऊन ओरडले, "आबा!" पलीकडच्या अंगणातल्या झिम्मा खेळणाऱ्या पोरी-बाळी वळून बघायला लागल्या, मला त्यांचे पाय थांबलेले दिसले. आबांचा पाय मात्र आपल्याच मनानं हलला. ते अंदाजानं दाबत होते. आता पोरगी म्हणाली असेल, आता सोड म्हणाली असेल, असं धरून दाबत होते आणि सोडत होते, कालपासून.

मी तिथेच चिखलात पडून राहिले. फलाटावर न दिलेली उत्तरं, दुकानाच्या दारातून मारलेल्या हाका, ट्रकवाल्याचा हॉर्न. तो बिचारा खरं बोलत होता. आणि मी कालपासून पत्रा खरवडत होते.

बाहेर येऊन मी खिडकीशी गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते दचकले. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "सांगितलंस व्हय दाबायला?"

"व्हय, आबा. कवाधरनं."

त्यांनी हात चाकावरून काढून मांडीवर ठेवले.

"कळलं म्हन की तुला," ते म्हणाले. "समोरच्याचं तोंड दिसलं की समजतंय मला. मागनं न्हाई समजत. आदी वाटलं, मळ असंल."

"मला सांगायचं न्हाई व्हय?"

"तू गाडी सोड म्हनाली असतीस." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता तू सांग, बाय. चालवू का नको? तू म्हनशील तसं. मी कायबी बोलायचा न्हाई."

मला त्यांचा इतका राग आला. सबंध जन्मात माझं एक ऐकलं नाही, आणि ऐकायचं ते नेमकं हे. नको म्हणणं सोपं होतं. नको म्हटलं असतं तर माझ्या जिवाला शांत झोप लागली असती आणि त्यांच्या हातांना उद्यापासून काम उरलं नसतं. मी म्हणाले, "आदी दिवं बघू."

गाडीच्या मागे भातगिरणीची चुन्यानं रंगवलेली भिंत होती. मी गाडीच्या पुढे, त्यांच्या समोर उभी राहिले आणि हात वर केला. पाय पडला, मागच्या भिंतीवर गाडीच्या दोन्ही अंगांना लाल ठिपके उमटले. हात खाली, ठिपके गेले. हात वर, ठिपके हजर. मी फसवायला अर्धाच हात उचलला, तर आबांनी अर्धाच पाय दाबला नि हसले. मी पदराआडून बोट उचललं, तरी त्यांनी टिपलं. आम्ही दोघं कितीतरी वेळ तेच करत होतो, शेजारपाजारच्या बायका बघत होत्या, आणि मला दिसत होतं की ह्या माणसाचे डोळे आणि पाय अजून माझ्यापेक्षा तरतरीत आहेत.

"चालवा," मी खिडकीशी येऊन म्हणाले. "पण मागच्याला कळलं पायजे."

"दिवं लावलंस की."

"दिव्यानं गाडी दिसंल, आबा. तुमाला ऐकू येत न्हाई ह्ये दिव्यानं न्हाई दिसायचं. ते मागं लिवून टाका. हार्न न्हाई, पन उजेड तरी आरशात दिसंल तुमाला."

आबांचा चेहरा पडला. "गाडीवर लिवू? सगळ्या गावाला सांगू, भैरा झालो म्हनून? कोन बसंल मग गाडीत?"

"न बसूदे."

"तुला काय जातंय बोलाया," ते म्हणाले आणि उतरून निघून गेले.

रात्री मी वाढत होते, ते नको-हवं मानेनं सांगत होते. माझं म्हणणं बरोबर होतं, हे मला माहीत होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही लिहिलं नसतं, हेही माहीत होतं.

सकाळी मला जाग आली तेव्हा आबा केव्हाच उठलेले. गाडी त्यांनी आणखी मागे घेऊन पाठ पार भिंतीजवळ नेऊन लावली होती. मला वाटलं, पोरीचं काम नजरेसमोर नको म्हणून. ठीक आहे. मी ट्रंक उचलून पुढच्या सीटवर बसले आणि स्टेशनपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. दर खेपेला आबा माझ्याबरोबर फलाटावर यायचे, आगगाडी हलेपर्यंत खिडकीची कांब धरून उभे राहायचे. त्या दिवशी उतरलेच नाहीत. ट्रंक आतूनच माझ्या हातात दिली. त्यांच्या बोटांना पांढरं काहीतरी लागलं होतं, मला वाटलं, भिंतीचा चुना.

"जा," म्हणाले. "प्याशिंजर यील."

मी फणकाऱ्यानं वळले. मग माझं मलाच बरं वाटलं नाही, म्हणून मागे फिरले. तोवर आबांची गाडी निघाली होती. पुढे जात होती आणि तिची पाठ पहिल्यांदा माझ्या समोर आली. दोन्ही दिव्यांच्या मधल्या पत्र्यावर पांढऱ्या तैलरंगात वाकडीतिकडी अक्षरं होती, शेवटी जागा पुरली नाही म्हणून दाटीवाटीनं बसवलेली. रंग ओला होता, एक ओघळ खाली आला होता. आबांचंच अक्षर. ते सहीपुरतेच लिहायचे.

"मला ऐकू येत नाही. दिवा दाखवा."

मी ट्रंक टाकली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून हाक मारली, "आबा!" येणार नव्हती ऐकू, मला माहीत होतं, तरी मारली, पुन्हा मारली. हमाल बघायला लागले. पलीकडे रेल्वेच्या गेटाशी एक म्हैस आडवी आली, आबांनी ब्रेक दाबला, आणि दोन्ही दिवे एकदम असे भगभगून लागले की मला समोरचं काही दिसेना. मी पदरानं डोळे पुसले तोवर म्हैस गेली होती आणि गाडी बेडशाच्या रस्त्याला लागली होती. पॅसेंजर मागे येऊन थांबली आणि मी तिकडे बघते-बघते तोवर निघूनही गेली. मी दुपारच्या गाडीनं लोणावळ्याला गेले.